तबकडीवरचं आभाळ

चष्म्याच्या दुकानात त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मालकालाही आठवत नसे. ते नंबरवाले. सव्वीस वर्षं त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एकामागून एक भिंगं सरकवायची आणि विचारायचं, "आता बरं, का मघाचं बरं?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर इतका बसला होता की घरी भाजीत मीठ कमीजास्त झालं तरी ते बायकोला म्हणायचे, "कालचं बरं होतं." बायको म्हणायची, "मग कालचंच वाढते, शिळं." आणि दोघं हसायची. माणूस साधा होता आणि थोडा गर्विष्ठही होता. गर्व एकाच गोष्टीचा, की आपल्यापुढं डोळ्यांच्या बाबतीत कुणाची लबाडी चालत नाही.

ते काही अगदीच खोटं नव्हतं. ट्रकवाल्यांना परवान्यासाठी डोळ्यांचा दाखला लागतो, आणि त्यांतले अर्धेअधिक भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं आधीच पाठ करून येतात. एका बहाद्दरानं तर तक्त्यामागचा दिवा लावायच्या आतच तिसरी ओळ म्हणून दाखवली होती. नंबरवाले अशा वेळी चढ्या आवाजात बोलत नसत. ते शांतपणे कपाटाकडं जायचे आणि दुसरा तक्ता काढून लावायचे. आकार तोच, अक्षरं वेगळी. गिऱ्हाइकाचा चेहरा पडला की म्हणायचे, "आता वाचा, दादा." हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिला धडा हाच द्यायचे: तपासणाऱ्याकडं नेहमी दोन तक्ते हवेत.

अडतिसाव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांची कुरकुर सुरू झाली. संध्याकाळी घरी परतताना उभ्या सायकलीवर आदळले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांनी स्वतःचा नंबर स्वतःच काढला. शेवटची ओळ लख्ख वाचता आली. मग म्हणाले, दमलो असेन. पुढं पुढं दुकानातल्या स्टुलांना त्यांच्या नडग्या लागायला लागल्या. काउंटरवरचा सहकारी म्हणायचा, "नंबरवाले, स्टुलाला हॉर्न बसवू का?" तेही हसायचे. घरी आल्यावर मात्र नडगीवरची निळी खूण चोळत बराच वेळ बसायचे.

रात्री गच्चीवरून तारे दिसेनासे झाले त्याला तर त्याआधीच दोन-तीन वर्षं झाली होती. त्याचा दोष त्यांनी शहराच्या दिव्यांना आणि धुराला दिला. "आभाळ मेलं हो," असं म्हणायचे, आणि ऐकणारेही माना डोलवायचे, कारण धूर होताच. स्वतःच्या डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायला माणसाला एवढं निमित्त पुरतं.

ताऱ्यांचा नाद त्यांना तरुणपणी लागला होता. दुकानात दुर्बिणी दुरुस्तीला यायच्या. त्यांतल्या एका गिऱ्हाइकानं मजुरीबरोबर बक्षीस म्हणून एक ताऱ्यांची तबकडी दिली होती. जाड पुठ्ठ्याची, दोन थरांची. खालच्या थरावर सगळ्या ताऱ्यांचे ठिपके आणि कडेला वर्षाच्या तारखा. वरच्या थराला एक लांबट गोल खिडकी आणि कडेला तास. आजची तारीख आणि आत्ताचा तास समोरासमोर आणला की खिडकीत जेवढे ठिपके उरतील तेवढे या क्षणी डोक्यावर असतात. जमिनीच्या नकाशात पूर्व उजवीकडं असते, हिच्यात डावीकडं, कारण ही टेबलावर ठेवून बघायची वस्तूच नव्हे. डोक्यावर धरून, खालून बघायची. लग्नाआधी आख्ख्या गल्लीला त्यांनी या तबकडीवरून मृग आणि सप्तर्षी दाखवले होते. बॅटरीला लाल कागद लावायचा, म्हणजे ठिपके दिसतात आणि डोळे दिपत नाहीत, हेही त्यांचंच शिकवणं.

शेवटी एका रजेच्या दिवशी, घरात ताकास तूर लागू न देता, ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई त्यांच्या भाचीच्या वयाची. डोळ्यांत थेंब घालून, दिवा लावून, आत डोकावून तिनं बराच वेळ बघितलं. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाली, "तुमच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेनं मरतोय. यात आधी रात्रीचं दिसणं जातं, मग आजूबाजूचं. मधलं बरीच वर्षं टिकतं. नंतर तेही जातं."

"औषध?"

"नाही. खोटं कशाला सांगू? वडिलांना होतं का असं काही?"

नंबरवाल्यांचे वडील लाकडाच्या वखारीत हमाल होते. दिवे लागायच्या आत घरी यायचे, आणि एखाद्या दिवशी उशीर झाला तर भिंती धरत, ठेचकाळत यायचे. गल्ली म्हणायची, पितो. एका संध्याकाळी ते वखारीच्या करवतीखालच्या खड्ड्यात पडले आणि त्यातच गेले. तेव्हाही लोक म्हणाले, प्यालेला असणार. नंबरवाले चौदा वर्षांचे होते. वडिलांच्या तोंडाला कधी दारूचा वास आलेला त्यांना आठवत नव्हता, तरी त्यांनीही लोकांचंच खरं मानलं. पुढची सत्तावीस वर्षं त्या माणसाचा फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. हे सगळं त्या दवाखान्याच्या स्टुलावर त्यांना एकदम कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मूलबाळ आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक मुलगी. नऊ वर्षांची."

"तिला घेऊन या. असेल किंवा नसेल, निम्मी-निम्मी शक्यता. लवकर कळलं तर शाळा, काम, सगळं बेतून करता येतं."

"आणतो," असं म्हणून ते उठले आणि त्या दवाखान्याच्या वाटेला पुन्हा गेले नाहीत.

दुकानात अशी गिऱ्हाइकं कितीतरी यायची. पोराला फळा दिसत नाही म्हणून बाई ओरडतात, पण आई म्हणते, नंबर काढायला नको, काढला की चष्मा लागतो. नंबरवाले त्यांची टिंगल करायचे. आता तेच झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत बसले. बायकोला सांगितलं, रात्रीचं जरा कमी दिसतं, जीवनसत्त्व कमी पडलंय. ती बिचारी दिवसभर घरी बसून कपड्यांच्या कारखान्याची काजं-बटणं करायची; त्याच पैशांतून ती गाजरं आणायला लागली. नवऱ्याच्या ताटात रोज गाजर. नंबरवाले मुकाट्यानं खायचे, आणि प्रत्येक घासाला त्यांना आपण चोर असल्यासारखं वाटायचं.

पण मन स्वस्थ बसू देईना. मन चिंती ते वैरी न चिंती. मुलगी रात्री पाणी प्यायला उठली की ते अंथरुणात श्वास रोखून ऐकायचे, कुठं धडकते का. ती धडकत नसे. पाय न वाजवता, भिंतीला एक हात लावून हळूच जायची. म्हणून तर तिला घरात मनी म्हणायचे. आई म्हणायची, "आमची मनी मांजरीच्या पावलांनी चालते." भिंतीला हात लावून तर तेही चालायचे, त्यामुळं त्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही.

मग त्यांनी एक युक्ती काढली. दवाखान्यात न नेता पोरीचे डोळे तपासायची युक्ती. माळ्यावरची तबकडी काढली, पुसली, आणि अवसेच्या आसपासची एक रात्र बघून मनीला गच्चीवर नेलं. चांदणं नको होतं. परीक्षा चोख व्हायला हवी होती. तिला तारीख-तास जुळवायला शिकवलं, पाण्याच्या टाकीकडं उत्तर हे सांगितलं, तबकडी डोक्यावर कशी धरायची ते दाखवलं. लाल उजेडात ठिपके दिसत होते. बाकी त्यांच्या डोळ्यांपुढं विहिरीत डोकावल्यासारखा अंधार होता.

"आता मला मृग शोधून दे. मधोमध तीन तारे एका ओळीत. दिसतात?"

मनीनं तबकडी बघितली. मान वर केली. "हो. तीन."

"आणि खाली डावीकडं व्याध. मोठा, ठळक. बोट कर बघू."

तिनं बोट केलं. नंबरवाल्यांना बोट दिसत नव्हतं. त्यांनी तिच्या दंडाला हात लावला, दंडावरून कोपरावर, कोपरावरून मनगटावर नेला, आणि हात कुठल्या दिशेला आहे याचा अंदाज घेतला. टाकीच्या उलट बाजूला, जरा पूर्वेकडं, अर्ध्या उंचीवर. त्या तारखेला त्या तासाला व्याध बरोबर तिथंच असतो.

"शाब्बास," ते म्हणाले. "आता कृत्तिका. झुबका आहे बारीक ताऱ्यांचा. किती दिसतात ते मोज. घाई करू नकोस."

मनीनं सावकाश मोजलं. "सात."

सात. चांगल्या डोळ्याच्या माणसाला कृत्तिका सहा दिसतात. सात दिसणारा लाखात एखादा. नंबरवाल्यांनी पोरीला उचलून घेतलं. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले आणि कित्येक महिन्यांनी पडल्या पडल्या झोपले. दुसऱ्या दिवशी दुकानात ज्याला त्याला सांगत सुटले, "आमच्या मनीला कृत्तिका सात दिसतात." काउंटरवाला म्हणाला, "मग तिलाच बसवा नंबर काढायला, तुम्ही घरी बसा." तबकडीवरही कृत्तिकांचे ठिपके सातच छापलेले होते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. जगाची पाठांतरं पकडणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दुसरा तक्ता लावायचं त्यांना सुचलं नाही, आणि लावायचा म्हटला तर आभाळाला दुसरा तक्ता आहे कुठं?

त्यानंतर पावसाळा सोडला तर दर महिन्याच्या काळ्या पंधरवड्यात बापलेकीची गच्ची ठरलेली. दोन वर्षांत एकही परीक्षा चुकली नाही. शर्मिष्ठा, ध्रुव, सिंहातली मघा, उन्हाळ्यात वृश्चिकाचा आकडा. "रोहिणीचा रंग कसा?" "तांबूस," त्यांनीच कधीतरी सांगितलेलं ती म्हणायची. तिचं प्रत्येक "हो, दिसलं" ऐकलं की त्यांचा एक महिना सुखाचा जायचा. स्वतःच्या बाजूचं दिसणं एव्हाना इतकं आक्रसलं होतं की समोरच्या माणसाचं नाक बघितलं तर त्याचे कान दिसत नसत. त्याचं त्यांना फारसं काही वाटेनासं झालं होतं. माझं गेलं तर गेलं, पोरीचं शाबूत आहे, एवढ्यावर तो माणूस उभा होता.

मधे शाळेतून चिठ्ठी आली. अंधाऱ्या सभागृहात सिनेमा दाखवताना मनी पायऱ्यांवरून पडली, गुडघा फुटला, घरी लक्ष द्यावं. नंबरवाल्यांनी चिठ्ठी वाचून घडी केली. "पोरं पळतात," ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "ही कधी पळते?" त्यांनी ती घडी खिशात टाकली.

मग विज्ञानाच्या बाईंनी शाळेच्या मैदानावर आकाशदर्शनाची संध्याकाळ ठरवली, आणि तारे दाखवायचं काम कुणाकडं, तर मनीकडं. आख्ख्या शाळेत तबकडी वापरता येणारी ती एकटीच. शनिवारी कार्यक्रम होता. गुरुवारी रात्री, जेवणं उरकल्यावर, नंबरवाले म्हणाले, "चल मने, एकदा उजळणी करू."

दोघं वर गेली. मनी पुढं, एक हात कठड्यावर. मागून ते, एक हात तिच्या खांद्यावर. गच्चीच्या एका बाजूला तिच्या आईनं धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. वारा पडला होता. मनीनं लाल उजेडात तारीख आणि तास जुळवला आणि बाईंपुढं बोलायचं तसं बोलायला लागली.

"आता सगळ्यांनी पूर्वेकडं बघा. हे तीन तारे म्हणजे मृगाचा पट्टा. त्याच्या रेषेत वर गेलं की तांबूस रोहिणी. आणखी पुढं कृत्तिका. नीट बघितल्या तर सात दिसतात."

नंबरवाले तिच्या दंडावरून हात फिरवत होते. प्रत्येक वेळी दिशा बरोबर. ते मनातल्या मनात शनिवारचं मैदान बघत होते. बाई, मुलं, मुलांचे आईबाप, आणि मधोमध हात उंच करून उभी त्यांची पोर.

जिन्याचं दार वाजलं. मनीची आई चादरी काढायला आली होती. "दव पडायच्या आत काढते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं अजून काय बघताय?"

"मृग," नंबरवाले म्हणाले. "ये, तूही बघ. लेक काय छान सांगते."

ती हसली. "कुठला मृग? आठ वाजल्यापासून आभाळ गच्च झाकलंय. एक चांदणी दिसत नाही."

दोरीवरून चादर ओढल्याचा आवाज आला. मनीचा हात अजून वरच होता आणि नंबरवाल्यांची बोटं तिच्या मनगटावर होती.

"अगं, नीट बघ," ते म्हणाले. "पूर्वेला बघ. विरळ असेल ढग."

"अहो, इकडून तिकडून एकच राखाडी गोधडी आहे. तुम्हाला दिसत नाही हे ठाऊक आहे मला. पण मने, तू काय बघतेस?"

मनी गोंधळली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. तिनं लाल उजेड तबकडीवर धरला आणि तारीख-तास पुन्हा ताडून बघितले. बरोबर होते.

नंबरवाल्यांनी तिच्या हातातून तबकडी काढून घेतली. "मने, हे बाजूला राहू दे. आत्ता वर बघ आणि सांग, काय दिसतंय?"

"काळं."

"आणि मागच्या महिन्यात?"

"काळंच." तिनं मान पुन्हा वर केली. "काळंच असतं ना बाबा, रात्री."

"मग तीन तारे म्हणालीस ते? कृत्तिका सात म्हणालीस?"

"आहेत ना सात." तिच्या आवाजात रडू यायला लागलं होतं. "तुम्ही शिकवलंत तसंच करते मी. आधी तबकडी बघायची, मग वर तेवढ्याच ठिकाणी बोट करायचं. तुम्हीपण तसंच बघता. सगळे तसंच बघतात ना?"

नंबरवाले खाली बसले. गच्चीच्या गार फरशीवरच बसले. पोरीनं त्यांना फसवलं नव्हतं. तारे बघणं म्हणजे काय ते तिला ज्यानं शिकवलं, त्याच्याकडून ती अगदी बरोबर शिकली होती. फसवलं असतं तर त्यांना रागावता तरी आलं असतं.

"काय झालंय?" मनीच्या आईनं विचारलं. तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "मला कुणी सांगेल का?"

मग त्यांनी सांगितलं. खाली मान घालून, सगळं. दवाखाना, डॉक्टरीणबाई, पडदा, औषध नाही, वखारीतला खड्डा, निम्मी-निम्मी शक्यता, आणि तिला घेऊन या असं म्हटलं होतं तेही. त्यांचं बोलणं संपल्यावर मनीच्या आईनं एवढंच विचारलं, "कधी सांगितलं होतं हे डॉक्टरांनी?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं मी तुम्हाला गाजरं किसून घालतेय," ती म्हणाली. तिनं चादरींचा बोळा उराशी घट्ट धरला. तिला ओरडायचं असावं, पण पोर तिथंच उभी होती.

"शनिवारी मी जाऊ ना?" मनीनं विचारलं. "मला सगळं पाठ आहे."

"शनिवारी आपण दवाखान्यात जाऊ," आई म्हणाली. "बाईंना मी सांगते."

मनीच्या डोक्यात अजून दुसरंच काही चाललं होतं. "आई, तुला दिसतात? वरचे तारे?"

आईनं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्याकडून काही मदत होणार नव्हती. "दिसतात गं," ती म्हणाली. "ढग नसले की रोज दिसतात."

"तबकडीशिवाय?"

"हो," आई म्हणाली. तिनं चादरी तिथंच खाली ठेवल्या, एका हातानं पोरीचा आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा हात धरला, आणि एकेक पायरी सांगत दोघांना खाली घेऊन गेली.